पान काळं पडायच्या आत

त्या दिवशी बकेट चौथ्यांदा खाली गेली आणि वर आली तेव्हा तिच्यात माती नव्हती. काळंभोर, लोण्यासारखं मऊ काहीतरी होतं आणि त्यातून मुळांच्या झिपऱ्या लोंबत होत्या. मी ते बाजूला ओतलं तसा वास आला. कुजका नव्हे. बंद पेटी फार वर्षांनी उघडल्यावर येतो तसा, थंड आणि जुना.

"थांबा! अहो, थांबा जरा!"

खाली चिखलात एक बाई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. मी पोकलेनचं इंजिन बंद केलं. आवाज थांबला तशी पाण्याची खळखळ ऐकू आली. तीन दिवसांत मी खणलेल्या चाळीस मीटरच्या चरातून पाणी धावत सुटलं होतं. एप्रिलचा मध्य होता.

मी जत तालुक्यातला. शहाजी बुरुंगले. आमच्याकडे मार्चलाच विहिरीचा तळ दिसतो. पोकलेन चालवायला लागल्यापासून मी शेततळी खणली, नाले खणले, आणि खणून झाल्यावर त्यात पाणी कधी येईल याची वाट बघणारी माणसं बघितली. त्यामुळे मालकाने जेव्हा सांगितलं, दोडामार्गाकडे हेळवडे म्हणून गाव आहे, तिथे साचलेलं पाणी बाहेर काढायचं आहे, तेव्हा मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

चूक नव्हती. गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या पायथ्याला, दाट झाडीत एक पाणथळ होती. गावात तिला काळीकोंड म्हणायचे. पाणी घोट्याएवढं, पण नितळ आणि गार. झाडांची मुळं जमिनीतून वर येऊन, गुडघ्यासारखी वाकून परत जमिनीत गेलेली. शेकडो गुडघे. पाय टाकला की आजूबाजूची जमीन थरथरायची, म्हणून माझ्या मशीनखाली आम्ही जाड ओंडके टाकत टाकत पुढे सरकत होतो.

गावाचं दुखणं वेगळं होतं. लागोपाठ दोन वर्षं ऑक्टोबरात, भात पिकून उभं असताना, एका दुपारी महिन्याचा पाऊस तीन तासांत कोसळला होता. काळीकोंड फुटल्यासारखी भरून वाहिली आणि खालच्या शेतांवरून चिखलाचा लोंढा गेला. सगळ्यात जास्त नुकसान सरपंच यशवंत गवस यांचं झालं होतं. म्हणून ग्रामसभेत ठरलं, आडवा चर खणून काळीकोंडीचं पाणी बाजूच्या नाल्याला काढून द्यायचं. जागा कोरडी झाली की तिथे सुपारी लावायची. दोनशे मीटरचं काम, पाऊस सुरू व्हायच्या आधी संपवायचं.

हात वर करून उभ्या असलेल्या बाई म्हणजे रेवती पाध्ये. पुण्याच्या. दोन वर्षं त्या अधूनमधून इथे यायच्या आणि चिखलावर पोलादी डबे उपडे ठेवून त्यात जमणारी हवा मोजायच्या. गावाने त्यांचं नाव डबेवाल्या मॅडम ठेवलं होतं.

यशवंतराव काठावरून आले. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा माणूस.

"मॅडम, तुमका सांगितलेला ना, काम सुरू झाला म्हणून."

"माहीत आहे. मी काम बंद करायला आले नाही," त्या म्हणाल्या. "मी जिल्ह्याला लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. आता मला फक्त एक दिवस द्या. हे सगळं रिकामं व्हायच्या आधी मला खालपर्यंतचा चिखल काढून घ्यायचाय. नंतर तो मिळणार नाही."

"चिखल?"

"चिखलच."

यशवंतरावांनी माझ्याकडे बघितलं, मग चराकडे. "उद्याचो एक दिवस," ते म्हणाले. "परवा सकाळी आठ वाजता मशीन चालू."

मी मालकाला फोन लावायला काजूच्या बागेत चढून गेलो, कारण तिथेच रेंज यायची. मालक म्हणाला, "एक दिवस मशीन उभं? कोणासाठी?" मी म्हटलं, "सरपंचांनी सांगितलंय." तेवढ्यावर त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसून होतो. रेवतीबाईंचा मदतनीस तापाने फणफणून सावंतवाडीला गेला होता आणि त्या एकट्याच मीटर मीटरच्या सळया जोडून चिखलात दाबत होत्या. मला ते बघवेना.

"मॅडम, माझं वजन जास्त आहे. मी दाबू का?"

त्यांनी मान वर केली, घाम पुसला आणि हसल्या. "फार उपकार होतील."

त्यांचं हत्यार साधंच होतं. हातभर लांबीचा पोलादी नळा, त्याला एका बाजूने धारेचं झाकण. सळया जोडत तो खाली न्यायचा, पाहिजे त्या खोलीवर पोहोचलं की अर्धा वेढा फिरवायचा. झाकण तिथलाच चिखल आत कोंडून घेतं. मग वर ओढायचं. ओढणं हेच खरं काम. चिखल सोडत नाही.

पहिल्या मीटरला नळा उघडला तेव्हा आत कुजलेल्या पानांचा लगदा होता. त्यांनी तो पन्हळीसारख्या प्लास्टिकमध्ये सरकवला, गुंडाळला, वर खोली लिहिली.

"हे किती जुनं?" मी विचारलं.

"पाचशे-सातशे वर्षं असेल. नक्की नाही सांगता येत."

"एवढी वर्षं पान टिकतं? आमच्याकडे तर उन्हाळा संपायच्या आत भुगा होतो."

"तुमच्याकडे त्याला हवा मिळते. हवेत पान कुजतं, म्हणजे फार हळू जळतं असं समजा. त्याच्यातला कार्बन हवेत निघून जातो. इथे पान पडलं की पाण्याखाली जातं. खाली हवा पोहोचतच नाही. मग ते जळतच नाही, नुसतं राहतं. त्याच्यावर दुसरं पडतं, त्याच्यावर तिसरं."

"म्हणजे आपण पानांवर उभे आहोत?"

"पानांवर, फांद्यांवर, बियांवर. खाली किती, तेच बघायचंय."

दुसरा मीटर, तिसरा मीटर. उन्हं वर आली, पण झाडांखाली उकाडा नव्हता. पाण्यात उभं राहून माझी बोटं बधिर झाली होती. चौथ्या मीटरला बाईंनी मला एक बी दाखवली, सुपारीएवढी, रेषा न् रेषा शाबूत. मला वाटलं कालपरवा पडलेली असेल. त्यांनी ती जपून पिशवीत घातली.

दुपारी एका ओंडक्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. मी विचारलं, "आणि चर झाला की ह्याचं काय होईल?"

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"पाणी उतरेल. पाणी उतरलं की हवा आत शिरेल. मग हे सगळं जळायला लागेल. जाळ दिसणार नाही, धूर दिसणार नाही. वीस वर्षं, पन्नास वर्षं, हळूहळू वर जाईल."

"गेलं तर गेलं. हवेतच जाईल ना?"

"हवेत जाईल आणि हवा तापवेल. तापलेली हवा जास्त पाणी धरून ठेवते, शहाजी. जास्त दिवस पाऊस देत नाही आणि देते तेव्हा एकदम ओतते."

"तीन तासांत महिन्याचा."

"हो."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. "म्हणजे सरपंचांचं शेत बुडतंय म्हणून आम्ही चर खणतोय. आणि चर खणल्यामुळे..."

"एवढ्या सरळ रेषेत नका धरू," त्या घाईने म्हणाल्या. "ही एक लहानशी जागा आहे. हिच्यामुळे पाऊस बिघडला नाही. कोळसा आहे, पेट्रोल आहे, जगभर कोरडे केलेले असे हजारो दलदलीचे पट्टे आहेत. ही त्यातली एक होईल, एवढंच. यशवंतरावांच्या नुकसानीला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी त्यांच्याशी भांडत नाही."

मी माझ्या पिवळ्या मशीनकडे बघितलं. दिवसाला किती डिझेल पितं ते मला पाठ होतं. 

पाच मीटर साठ. नळा आत जाताना काहीतरी कडक लागलं, मग सरकलं. आम्ही दोघांनी मिळून ओढला. त्याने इतका वेळ घेतला की माझ्या तळव्यांची साल गेली. बाईंनी नळा ओंडक्यावर आडवा ठेवला, चिखल पुसला, झाकण फिरवलं.

आत एक हिरवं पान होतं.

मी हिरवं म्हणतो तेव्हा हिरवंच म्हणतो. पावसाळ्यातल्या शेवाळासारखं गडद, ओलं, वर बारीक शिरांची जाळी. देठाकडे थोडं पिवळसर. वीतभर लांब पान, चिखलाच्या दोन थरांत घडी न पडता पडलेलं.  मी वाकलो. पानाच्या एका कडेला अळीने खाल्लेलं अर्धगोल भोक होतं. इतकं साधं भोक. कुठल्यातरी दिवशी एका अळीला भूक लागली होती.

आणि मग ते जायला लागलं. कडेने तपकिरी झालं, जसा सुपारीचा डाग कापडावर पसरतो तसं. तपकिरी आत आत सरकत गेलं, शिरांमागून शिरा घेत.

"कॅमेरा!" बाई ओरडल्या. कॅमेरा पिशवीत होता, पिशवी झाडाला टांगलेली. चिखलातून त्या धडपडत गेल्या. मी वेड्यासारखे पानावर माझे दोन्ही पंजे धरले, जणू ऊन अडवायचं होतं. ऊन नव्हतंच. हवाच होती. हवेला कसं अडवणार?

त्या परत आल्या तेव्हा पान काळं होतं. चिखलासारखंच काळं. त्यांनी फोटो काढले. फोटोत चिखल आला.

बाई ओंडक्यावर बसल्या आणि रडल्या. मोठ्याने नाही. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "वाचलं होतं मी, असं होतं म्हणून. दूर देशांतल्या चिखलात. कधी बघितलं नव्हतं. एक मिनिटसुद्धा नाही राहिलं."

"मी बघितलं," मी म्हटलं. "तुम्ही बघितलं. दोघांनी."

"दोघांनी बघून काय होणार?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी फारसा शिकलेला नाही. पण माझ्या तीन दिवसांच्या खणण्याने हवा कुठपर्यंत पोहोचणार होती, ते मी आता डोळ्यांनी बघितलं होतं.

संध्याकाळी यशवंतराव आले. "झाला तुमचा? उद्या आठ वाजता."

"उद्या मशीन चालणार नाही," मी म्हटलं.

"बिघडला काय?"

तसं म्हणता आलं असतं. पाइप फुटला म्हटलं असतं तर कोणी तपासायला आलं नसतं.

"बिघडलं नाही. आधी तुम्ही स्वतः खाली नळा घाला. काय निघतं ते बघा. मग सांगाल ते करतो."

त्यांचा चेहरा कठीण झाला. "तू ड्रायव्हर. तुझा काम खणूचा. माझ्या शेतात कंबरेएवढो चिखल होतो तेव्हा तू खंय होतस?"

"नव्हतो. म्हणून तर म्हणतोय, तुम्ही बघा. सगळ्या गावाला बघू दे."

काजूच्या बागेतून मालकाचा फोन घेतला तेव्हा तो शिव्यांनीच सुरू झाला. सरपंचांनी आधीच कळवलं होतं. "उद्या दुपारी दुसरा ड्रायव्हर येतोय," तो म्हणाला. "तू सामान बांध." मी हो म्हटलं. सामान म्हणजे एक बॅग होती.

सकाळी आठला काळीकोंडीच्या काठावर तीस-चाळीस माणसं जमली. बाया होत्या, शाळेचे मास्तर होते, आणि बाबी नाईक होता. हा बाबी रानात फिरणारा माणूस, मध, कोकम, औषधाची मुळं आणून विकायचा. झाडांविषयी गावात शेवटचा शब्द त्याचा. माझ्याइतकी उत्सुकता त्यांच्यात नव्हती. बऱ्याच जणांना ही डबेवाल्या मॅडमची नवी गंमत वाटत होती.

यशवंतराव धोतर खोचून पाण्यात उतरले. मी त्यांच्या जोडीला. बाईंनी कालच्या भोकापासून दोन हात अंतरावर जागा दाखवली. आम्ही दोघांनी सळया दाबल्या. पाच मीटर साठ. फिरवलं. ओढलं.

नळा उघडला. चिखल. नुसता चिखल.

कोणीतरी हसलं. यशवंतराव बाईंकडे बघून शांतपणे म्हणाले, "पान बघून पोट भरता काय, मॅडम?"

बाई खाली वाकून नळा पुसायला लागल्या.  काल जे बघितलं ते मला आज दुसऱ्या कोणाला दाखवता येणार नसेल तर ते घडलंच नाही, असं होणार होतं.

"एकदा आणखी," मी म्हटलं. "सरपंच, एकदा. जरा खाली जाऊ. मग मी बॅग उचलतो."

सळई त्यांनीच उचलली. पाच मीटर नव्वदला नळा फिरवताना त्यांचे दंड फुगले. वर ओढताना ते गुडघ्यावर आले. नळा त्यांनी स्वतः ओंडक्यावर ठेवला.

"झाकण तुम्हीच उघडा," बाई म्हणाल्या. आज कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता.

यशवंतरावांनी झाकण फिरवलं.

या वेळी दोन पानं होती. एक अर्धं तुटलेलं, एक पूर्ण. हिरवी. माणसं पुढे सरकली आणि एकदम थबकली, देव्हाऱ्याचं दार उघडल्यावर थबकतात तशी. कोणीच हसलं नाही. बाईंनी अर्धं पान त्याच क्षणी चिखलासकट पिशवीत दाबून हवा काढून बंद केलं. पूर्ण पान यशवंतरावांच्या हाताशी राहिलं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं आणि तळव्यावर घेतलं.

"बाबी," ते म्हणाले, "ह्यां काय?"

बाबी नाईक जवळ आला. त्याने पान डोळ्यांशी नेलं, खालची बाजू बघितली, शिरांचा कोन बघितला. मग त्याने मान वर करून आमच्या डोक्यावरच्या झाडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"रानजायफळ," तो म्हणाला. "ह्याच झाडाचा."

"ह्याच?"

"म्हणजे ह्याच्या वाडवडलांचा. दुसरा झाड नाय ता."

सगळ्यांनी वर बघितलं. झाड उभं होतं, गुडघे पाण्यात. त्याची पानं हलत होती. आणि तेच पान यशवंतरावांच्या तळव्यावर कडेने तपकिरी व्हायला लागलं होतं. एक बाई "अगो आये" म्हणाली आणि तिने तोंडावर पदर घेतला. काळा रंग मधल्या शिरेपर्यंत आला, क्षणभर फक्त ती शीर हिरवी राहिली, एखाद्या दोऱ्यासारखी. मग तीही गेली.

यशवंतरावांनी हात हलवला नाही.

"कधीचा ह्यां?" त्यांनी विचारलं.

"आज नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत पाठवावं लागेल. पण हजारो वर्षांपूर्वीचं आहे. आणि यशवंतराव, एक गोष्ट मी आजच सांगू शकते. ते हिरवं राहिलं याचा अर्थ एकच. ते पडल्यापासून आजपर्यंत एकाही उन्हाळ्यात ही जागा आटलेली नाही. एक उन्हाळा जरी आटली असती, तरी तुमच्या हातात आत्ता झालं ते तेव्हाच झालं असतं."

"एकय उन्हाळो नाय?"

"एकही नाही."

चरातून पाणी वाहतच होतं. तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मला तर दुसरं काहीच ऐकू येईना. एवढे उन्हाळे गेले, दुष्काळ गेले असतील, आणि हे पाणी आटलं नाही. मी माणूस कोण, कुठला, तीन दिवस लिव्हर ओढत होतो.

यशवंतराव उठले आणि कोणाशी न बोलता खाली शेतांकडे चालू लागले. कोणी मागे गेलं नाही. वरून ते दिसत होते. ते त्यांच्या शेताच्या बांधावर उभे राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. तळवा त्यांनी अजून उघडाच धरला होता. अर्धा तास झाला असेल.

परत आले तेव्हा त्यांनी माझ्याशीच बोलायचं ठरवलेलं होतं.

"बुजवूक किती दिवस लागती?"

"चार दिवस. नुसती माती टाकून नाही चालणार. खालून चिकणमाती आणून थर थर दाबावे लागतील, नाहीतर पाणी वाट काढेल."

"मगे माझ्या शेताचा काय?" त्यांनी हे बाईंना विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पाऊस तसाच येणार. कदाचित आणखी जोरात. खालचे दोन तुकडे पाण्याला मोकळे सोडले तर वरचे वाचतील. वाचतीलच असं नाही."

ते बाबीकडे वळले. "बाबी, चिकणमाती खंय मिळता?"

"नाल्याच्या काठार."

"दाखव तेका."

दुपारी दुसरा ड्रायव्हर आला तेव्हा मी चर बुजवत होतो. सरपंचांनी काजूच्या बागेत जाऊन मालकाशी काय बोलणं केलं ते मला कधी कळलं नाही. तो ड्रायव्हर दोन दिवस माझ्याबरोबर राहिला, चिकणमाती भरून देत राहिला.

मी आयुष्यात खूप खड्डे खणलेत. बुजवणं हे जास्त कठीण काम आहे. प्रत्येक थर बकेटच्या पाठीने हळू दाबायचा, जोर दिला तर खालची जमीन हेलकावते. चौथ्या दिवशी शेवटचे वीस फूट राहिले तेव्हा पाणी त्या फटीतून असं जोरात निघालं की टाकलेली माती टिकेना. गावातली माणसं बांबूच्या चटया आणि दगड घेऊन पाण्यात उतरली. यशवंतराव सगळ्यात पुढे होते. चटईमागे चटई रोवली, त्यामागे मी माती ओतली. संध्याकाळच्या चारच्या सुमारास खळखळ बारीक झाली, मग थेंब थेंब, मग थांबली.

इतकी शांतता झाली की झाडावरचे पक्षी ऐकू यायला लागले. आम्ही सगळे चिखलाने माखलेले, तसेच उभे राहिलो. उघड्या पडलेल्या एका वाकलेल्या मुळापाशी माझी नजर होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मुळाखालची चिखलाची रेघ भिजली. पाणी चढत होतं. कोणी ओतत नव्हतं, कुठून येताना दिसत नव्हतं. नुसतं जमिनीतून वर येत होतं, आपली जागा परत घेत होतं.

दिवाळीनंतर रेवतीबाईंचं पत्र आलं. मी तेव्हा घरी होतो. दुसऱ्या मालकाकडे काम धरलं होतं. माझ्या बायकोला, वनिताला, मी सगळं सांगितलं होतं, पण पानाचं तिने फारसं खरं मानलेलं नव्हतं. पत्र मी तिलाच वाचून दाखवलं.

बाईंनी लिहिलं होतं, "पानाचं वय आलं. सहा हजार नऊशे वर्षं. शंभर-दीडशे वर्षं इकडेतिकडे. मी यशवंतरावांना फोन केला. आकडा सांगितला. मग त्यांनी विचारलं, तेव्हा आमचं गाव होतं का? मी म्हटलं, तेव्हा या बाजूला भात पेरणारं माणूसही नसावं. ते म्हणाले, पण पाणी होतं. मी म्हटलं, हो, पाणी होतं. या ऑक्टोबरात पुन्हा तसाच पाऊस झाला. त्यांचे खालचे दोन तुकडे गेले. वरचं अर्धं भात हाती लागलं. चराचा विषय त्यांनी काढला नाही."

वनिताने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि आकडा स्वतः वाचला. ओठांनी दोनदा पुटपुटली. मग म्हणाली, "मला घेऊन चला तिथं एकदा."

जायला चार वर्षं लागली. एप्रिलमध्येच गेलो. बाबी नाईक आम्हाला वर घेऊन गेला. यशवंतराव लग्नाला गेले होते, त्यांची भेट झाली नाही. वाटेतला ओढा कोरडा होता, ऊन असं की काजूची पानं पेंगुळलेली. आणि झाडीत शिरल्यावर गारवा लागला.

वनिता काठावर थांबली. तिने चप्पल काढली. पाण्यात पाय टाकायच्या आधी तिने बाबीला विचारलं, "पाय लावला तर चालतंय का?"

"चालता गे," तो म्हणाला.

ती आत गेली. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, साडी हातात धरून, आणि खाली बघत राहिली. पाणी इतकं नितळ होतं की तिच्या पायाची बोटं दिसत होती.  मग वळून मला म्हणाली, "मला दाखवा ना, तुम्ही खणलं होतं ते कुठं?"

"दाखवतो," मी म्हटलं.

मी पाण्यात उतरलो. चाळीस मीटर लांब, तीन मीटर रुंद. हे काम मी स्वतःच्या हातांनी केलं होतं आणि स्वतःच्या हातांनीच बुजवलं होतं. मी ओंडके शोधले. चटयांचे खुंट शोधले. पायाने चाचपत इकडून तिकडे गेलो. सगळीकडे सारखंच पाणी होतं, सारखेच वाकलेले गुडघे, आणि त्यांच्यामध्ये बोटभर उंचीची नवी रोपं.

"सापडलं का?" वनिताने विचारलं.

मी तिथेच उभा राहिलो. मला सापडलं नव्हतं.